खुलासा: मेलबर्नचं कोर्ट निळं झालं ते थंडाव्यासाठी नव्हे

मेलबर्नमधल्या ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेचं कोर्ट उन्हात थंड राहावं म्हणून निळं केलं, असा मेसेज फिरतोय. तसं नाही. निळ्यावर पिवळा चेंडू खेळाडूंना आणि टीव्हीवर उठून दिसतो, म्हणून तो रंग.

गोंधळ बहुधा इथून झाला: १९८८ ते २००७ तिथे रिबाउंड एस हा रबरयुक्त, हिरवा पृष्ठभाग होता. तो तापला की चिकट होतो, बूट अडकून पाय मुरगळतो, अशी खेळाडूंची तक्रार होती, आणि ती रास्तच वाटते. २००८ मध्ये त्याच्या जागी प्लेक्सिकुशन हा दुसरा पृष्ठभाग आला. रंगही तेव्हाच बदलला, म्हणून तोही उन्हासाठीच असं वाटलं असावं.

गडद निळा रंगही ऊन शोषतोच. कोर्ट गार होईल या आशेने सोसायटीने हिरव्यावर निळा थर चढवायचं ठरवलं असेल, तर कृपया थांबा.