दोन गोळ्यांच्या मधले दिवस

गिरगावातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पूर्वी आई त्यात सुईदोरा ठेवत असे. आता त्यात दादाच्या गोळ्या असतात. गेल्या डिसेंबरात मी बर्मिंगहॅमहून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी दादा जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून उभा राहिलेला पाहिला. डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, असे तो म्हणाला. नाडी मोजली तर मिनिटाला ४६ ठोके. आधी डॉक्टरांना फोन लावला आणि मग तो डबा टेबलावर उपडा केला. आत केमिस्टने कात्रीने कापून दिलेले स्ट्रिपचे तुकडे होते आणि त्यांतल्या निम्म्यांवर औषधाचे अर्धेच नाव उरले होते. भिंगाखाली बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले, की वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत औषध एकच होते, हृदयाचे ठोके मंद करणारे मेटोप्रोलॉल. नेहमीची गोळी दुकानात नव्हती म्हणून दुसऱ्या कंपनीची मिळाली होती; आठवड्याने नेहमीची आली, तीही वहिनीने आणली; आणि दादा नऊ दिवस दोन्ही मनोभावे घेत होता.

एट्रियल फिब्रिलेशन हा आजार आम्हा दोघा भावंडांना आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, ठोक्यांची लय बिघडते आणि थरथरणाऱ्या कप्प्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणून उपचार दुहेरी असतो: एकीकडे गुठळी होऊ न देणारे, ज्याला आपण सरसकट रक्त पातळ करणारे म्हणतो ते औषध, आणि दुसरीकडे ठोक्यांचा वेग किंवा लय ताब्यात ठेवणारे औषध. ही औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, त्यांचे दुष्परिणाम सोसावे लागतात आणि त्या दुष्परिणामांमुळेच ती बदलावी लागतात. या आजारात औषध बदलण्याची वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येतेच.

मुंबईत औषधांवर चर्चा निघाली की ती पाहता पाहता एकाच वळणावर जाते: जेनेरिक की ब्रँडेड? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३च्या आरंभी नियम जाहीर करून डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहावे असे बंधन घातले. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला कडाडून विरोध केला. औषधांच्या दर्जाची खात्री नसताना निवड डॉक्टरच्या हातून निघून दुकानदाराच्या हाती जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच महिन्याच्या २३ तारखेला नियमांना स्थगिती मिळाली. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यांत दोन तट आहेत. एकाला प्रत्येक महाग गोळीमागे कमिशन दिसते, दुसऱ्याला प्रत्येक स्वस्त गोळीत खडूची भुकटी दिसते. मी परदेशी राहते म्हणून दोन्ही तट मला साक्षीला बोलावतात आणि ‘तुमच्याकडे तर सगळे जेनेरिकच असते ना?’ असे विचारतात.

होय, इंग्लंडमध्ये डॉक्टर बहुतेक औषधे मूळ नावानेच लिहितात आणि मी घेते ते रक्त पातळ करणारे अपिक्साबॅनही जेनेरिकच आहे. परंतु ठोक्यांचा वेग सांभाळण्यासाठी मला दिले जाणारे डिल्टियाझेम मात्र माझे डॉक्टर मुद्दाम ब्रँडच्या नावाने लिहितात. शरीरात सावकाश मिसळणाऱ्या डिल्टियाझेमची एका कंपनीची कॅप्सूल दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूलसारखीच काम करील याची खात्री देता येत नाही, म्हणून रुग्णाला शक्यतो एकाच ब्रँडवर ठेवावे, अशी तिथली रीत आहे. जेनेरिकचा इतका पुरस्कार करणारी व्यवस्था एखाद्या औषधापुरती वेगळे वागते, कारण तिथे प्रश्न त्या औषधाच्या गुणधर्माचा असतो. आपल्याकडच्या वादात औषधाचा असा स्वतंत्र विचार करायला जागाच उरत नाही. किमतीच्या बाबतीत तर मुंबई कितीतरी देशांच्या पुढे आहे. अपिक्साबॅनचे भारतातील पेटंट २०२२मध्ये संपले आणि कित्येक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. अमेरिकेत मात्र जेनेरिकला डिसेंबर २०१९मध्येच मंजुरी मिळूनही ते २०२८च्या एप्रिलपर्यंत दुकानात येऊ शकत नाही. न्यू जर्सीतील माझी मावसबहीण दर खेपेला मुंबईहून काय नेते, ते सांगायला नकोच.

तेव्हा गोळी मिळणे आणि परवडणे या दोन्ही बाबतींत दादा सुदैवी आहे. त्याचे हाल झाले ते एक गोळी थांबून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या दिवसांत.

प्रत्येक औषध शरीरातून आपापल्या वेळेने जाते, ही साधी गोष्ट घरात कोणालाच नीट सांगितली गेली नव्हती. दादाला दीड वर्ष अमिओडारोन चालू होते. लय राखण्यात या औषधाचा हात धरणारे दुसरे फारसे नाही; परंतु त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आयोडीन असतो, त्यामुळे थायरॉइड बिघडू शकते, शिवाय यकृत आणि फुप्फुसे यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते. दादाचे थायरॉइड मंदावले. तो सुस्त झाला, अंगावर सूज आल्यासारखा दिसू लागला आणि घरच्यांनी ते वयावर ढकलले. तपासणीत कारण सापडल्यावर डॉक्टरांनी अमिओडारोन बंद केले आणि मेटोप्रोलॉल वाढवले. निर्णय योग्यच होता. परंतु अमिओडारोन चरबीत साठून राहते आणि गोळी थांबल्यानंतरही कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन् महिने, त्याचा अंमल चालू राहतो. म्हणजे डिसेंबरात दादाच्या अंगात न घेतलेले अमिओडारोन होते, वाढवलेले मेटोप्रोलॉल होते आणि वर त्याच मेटोप्रोलॉलची दुसऱ्या नावाची गोळी होती. तिन्ही मिळून हृदयाचा वेग खाली ओढत होती.

त्याच्या आधीही एकदा असेच घडले होते. तेव्हा तो रक्त पातळ ठेवण्यासाठी असेनोकुमारॉल घेत असे. अमिओडारोन सुरू झाल्यावर या जुन्या गोळीचा परिणाम वाढतो, म्हणून तिची मात्रा कमी करून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वरचेवर तपासावा लागतो. तो आकडा साधारण २ ते ३ यांच्या दरम्यान असावा. गोळी एका डॉक्टरांनी सुरू केली होती आणि आयएनआर दुसरे पाहत होते. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा तपासणी झाली आणि आकडा ४.६ निघाला. पुढे त्याला अपिक्साबॅनवर आणले गेले. त्यातही क्रम पाळावा लागतो: जुनी गोळी थांबवायची, आयएनआर २च्या खाली येऊ द्यायचा आणि मगच नवी सुरू करायची. अपिक्साबॅनचे वागणे अमिओडारोनच्या अगदी उलट असते. त्याचा निम्मा अंश साधारण १२ तासांत निघून जातो. दाढ काढायची म्हणून दादाने कोणालाही न विचारता ते आठवडाभर बंद ठेवले, तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे दिवस तो पक्षाघातापासून संरक्षणाविना वावरत होता. चरबीत महिनोन् महिने मुरणारी गोळी आणि दिवसा-दीड दिवसात ओसरणारी गोळी एकाच डब्यात शेजारी पडलेल्या होत्या आणि दोन्हींना घरात एकच शब्द होता, ‘हार्टची’.

इंग्लंडमध्ये सगळे आलबेल आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी धडधड वाढली तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांची भेट मिळायला मला सात महिने लागले. दादाचा ईसीजी, टू-डी इको आणि तज्ज्ञांची भेट हे सगळे एका संध्याकाळी उरकले होते. त्या सात महिन्यांत मी किती रात्री उशाशी हात ठेवून नाडी मोजत जागी राहिले, ते मी विसरलेले नाही. परंतु ठोके मंद करणाऱ्या बायसोप्रोलॉलने हातपाय गार पडू लागले, जिना चढताना थकवा येऊ लागला आणि मला डिल्टियाझेमवर आणायचे ठरले, तेव्हा जुनी गोळी कोणत्या तारखेपर्यंत किती घ्यायची आणि नवी कधी सुरू करायची हे मला लिहून मिळाले. दहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून फोन आला. घोटे सुजतात का, चक्कर येते का, बद्धकोष्ठता आहे का, जुनी गोळी खरोखर बंद केली का, असे त्या फार्मासिस्टबाईंनी एकेक करून विचारले. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. ही कोणा एकीची भलाई नव्हती. इंग्लंडमध्ये २०११पासून नवे औषध सुरू झालेल्या रुग्णांसाठी ही सेवा आहे, रक्त पातळ करणारी औषधे आरंभापासून तिच्यात आहेत, २०२१मध्ये एट्रियल फिब्रिलेशनचाही समावेश झाला आणि दुकानाला त्या कामाचे पैसे सरकार देते.

मुंबईत असा माणूस नाही असे नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला केमिस्ट दादाला चाळीस वर्षे ओळखतो. कोणाची साखर वाढली, कोणाची अँजिओप्लास्टी झाली, कोणाचा मुलगा परदेशी आहे, हे सगळे त्याला ठाऊक असते. बर्मिंगहॅममधील फार्मासिस्टला संगणकावर पाहून जे कळते, त्यापेक्षा अधिक त्याला तोंडपाठ आहे. कायदाही त्याच्या बाजूने, किंवा खरे तर रुग्णाच्या बाजूने आहे: डॉक्टरांनी ब्रँडच्या नावाने लिहिलेले दादाच्या गोळ्यांसारखे औषध दुकानदाराने परस्पर बदलू नये, असे औषध नियमांत स्पष्ट म्हटले आहे आणि २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम मानले आहे. मग प्रत्यक्षात काय होते? समुपदेशनाचा एक पैसाही त्याला मिळत नाही, काउंटरपुढे दहा माणसे खोळंबलेली असतात आणि ज्या गल्ल्यावर त्याचे पोट आहे तो केवळ विक्रीवर भरतो. जेनेरिक की ब्रँडेड या वादावर गेली काही वर्षे जेवढी शाई आणि जेवढा घसा आपण खर्च केला, त्याच्या चौथाई तरी या माणसाला त्याच्या मूळ कामाचे पैसे कसे मिळतील यावर खर्च व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. मी राहते त्या शहरात विल्यम विदरिंग नावाचे डॉक्टर होऊन गेले. फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचा औषध म्हणून उपयोग त्यांनी १७८५मध्ये जगापुढे मांडला. आजही आपल्याकडे हृदयाच्या आजारात दिली जाणारी डिगॉक्सिनची गोळी त्याच कुळातली. ते तेव्हा अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांवर उपचार करत होते. मळमळ, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे, नाडी ३५पर्यंत उतरणे हे दुष्परिणाम त्यांनी लपवले नाहीत आणि लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवा, असे तिथेच लिहून ठेवले. बर्मिंगहॅममधल्याच एजबास्टनच्या जुन्या चर्चमध्ये त्यांच्या स्मृतिशिळेवर ते फूल कोरलेले आहे. कधी सुरू करायचे याच्या शेजारी कधी थांबायचे हे लिहिण्याची रीत २४० वर्षांपूर्वीची आहे. तिला ना यंत्र लागते, ना निधी.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्याच मजल्यावरच्या काकूंना लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची झडप आकुंचित झाली आहे आणि लयही बिघडलेली असते. त्यांचा मुलगा मला म्हणाला, ‘ताई, तुमची ती नवी गोळी आईला सुरू करून टाकू का? आयएनआरची कटकट तरी संपेल.’ त्याला मी हात जोडून थांबवले. अशाच रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२२मध्ये आले आणि त्यात अपिक्साबॅनच्याच जातीच्या रिवारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा आयएनआर तपासावा लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांवर असलेल्यांत मृत्यू कमी होते. ऱ्हुमॅटिक झडपांचे रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत, इंग्लंडमध्ये आता क्वचित दिसतात. तेव्हा ‘तिकडे हेच देतात’ हे वाक्य इथे जीवघेणे ठरू शकते.

डिसेंबरातच दादाची मेटोप्रोलॉलची मात्रा डॉक्टरांनी कमी केली आणि नाडी हळूहळू साठीच्या घरात आली. जानेवारीत मी निघण्याआधी त्याला पुन्हा दाखवायला नेले. पुढे गरज पडली तर आणखी एक बदल करावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी पुढे सरकवली. वहिनीने ती उचलली नाही. ‘डॉक्टर, तेव्हा जुनी कोणत्या दिवशी थांबवायची आणि नवी कोणत्या दिवशी, तेवढे यावर लिहून द्याल का?’ असे तिने विचारले. डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, चिठ्ठी पालथी केली आणि दोन्ही औषधांची मूळ नावे मोठ्या अक्षरांत लिहून पुढे रेघा मारल्या. घरी जाताना तिने केमिस्टकडे थांबून सांगितले, की यापुढे स्ट्रिप कापायची झाली तर नावाचा भाग आम्हाला द्यायचा.