औषध कुठूनही घ्या, चिठ्ठी मात्र मागून घ्या

प्राण्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना हातात बऱ्याचदा कागदाची एक पुडी असते. तिच्यावर पेनाने 'सकाळ-संध्याकाळ १-१' आणि बिलावर नुसतं 'मेडिसिन्स'. गोळी कुठली, किती मिलिग्रॅमची, एक्स्पायरी कधीची, काहीच कळत नाही. विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून. (फॅमिली डॉक्टरांच्या पुड्यांवर वाढलेल्या पिढीला तर यात वावगंही वाटत नाही.) माझं मत सरळ आहे. चिठ्ठी मागायची, दरवेळी मागायची, औषध तिथूनच घेणार असाल तरीही.

कायदा याच्या आड येत नाही. औषधे नियम, १९४५ मधल्या ६५ व्या नियमात चिठ्ठी कशी असावी ते दिलंय: सही, तारीख, एकूण किती औषध द्यायचं, डोस काय, आणि औषध जनावरासाठी असेल तर मालकाचं नाव-पत्ता. म्हणजे पशुवैद्यकाची चिठ्ठी केमिस्टकडे चालणार हे नियमातच गृहीत धरलंय. स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला डॉक्टरांना दुकानाचा परवाना लागत नाही. पण काउंटर मांडून येईल त्याला विकायचं तर लागतो.

मग केमिस्ट 'जनावरांचं आम्ही ठेवत नाही' का म्हणतो? खास प्राण्यांसाठी बनवलेल्या औषधावर जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांसाठी नाही' ही सूचना छापावी लागते, आणि दुकानात ती औषधं वेगळ्या कपाटात ठेवावी लागतात. ही कटकट बरेच जण टाळतात. पण कुत्र्या-मांजरांना लिहून दिली जाणारी कितीतरी औषधं माणसांचीच असतात: डॉक्सिसायक्लिन, प्रेडनिसोलोन, फ्युरोसेमाइड, फिनोबार्बिटोन, थायरॉक्सिन. त्यातली बहुतेक त्याच्या मागच्या फळीवर असतातच. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असेल तर तो लगेच काढून देतो.

गोचीड तापाचं उदाहरण घ्या. डॉक्सिसायक्लिनचा नेहमीचा डोस किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, आणि कोर्स २८ दिवसांचा. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन गोळ्या, एकूण ८४. चिठ्ठीवर हा ८४ चा आकडा हवा. नाहीतर दोन पत्ते (गोळ्यांच्या स्ट्रिप) आणले जातात, आठवड्यात ताप उतरतो, कुत्रा जेवायला लागतो आणि कोर्स तिथेच थांबतो. किंमत ताडून बघताना गोळीचा भाव बघू नका, मिलिग्रॅममागे किती पडतात ते काढा. ३०० ची एक गोळी महाग वाटते, पण तिची तुलना १०० च्या तीन गोळ्यांशी करायची असते. दीड-दीड गोळी दोनदा द्यायची असेल तर कॅप्सूल उपयोगाची नाही, मधे खाच असलेली गोळी मागा. दुसरं म्हणजे, आपल्याकडे गोळी हमखास दहीभातात दडवली जाते. दुधा-दह्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषलं जातं, तेव्हा साध्या भातात किंवा चिकनच्या तुकड्यात द्या. मांजराला कोरडी गोळी देऊन सोडून देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होते. मागोमाग सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचं.

आता खरा धोका. केमिस्ट 'हे नाही, पण सेम आहे' म्हणून जे देतो ते सेम असतंच असं नाही. आपल्या बाजारात जोड-औषधांचा, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घातलेल्यांचा, सुळसुळाट आहे. गॅबापेंटिन लिहिलेलं असतं, हातात येतं त्यात मिथाइलकोबालामिन किंवा नॉर्ट्रिप्टिलिनही घातलेलं असतं. मेलॉक्सिकॅमची चिठ्ठी आणि पत्त्यावर 'मेलॉक्सिकॅम + पॅरासिटामॉल' हे तर सगळ्यात वाईट, कारण पॅरासिटामॉलने मांजर मरतं. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. पत्त्याच्या मागे अधिकचं चिन्ह दिसलं की घरी आणण्याआधी डॉक्टरांना फोटो पाठवा.

केमिस्ट उलट बाजूनेही चुकतो, तेही चांगल्या हेतूने. थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्याला थायरॉक्सिन किलोमागे साधारण २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा लागतं. २५ किलोच्या कुत्र्याला एका वेळी ५००. माणसांना दिवसाला ५० किंवा १०० देण्याची सवय असलेल्या माणसाला वाटतं की एक शून्य चुकून जास्त पडलं, आणि तो ५० ची बाटली हातात ठेवतो. म्हणून चिठ्ठीवर ठळक 'कुत्रा', वजन आणि किलोमागचा हिशेब असायला हवा.

इन्सुलिनच्या बाबतीत मी सगळ्यात हट्टी आहे. भारतात माणसांच्या इन्सुलिनची व्हायल एका मिलीत ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींची मिळते. पेनातली कार्ट्रिज १०० ची असते. कुत्र्या-मांजरांसाठीचं खास इन्सुलिन ४० चं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन ४ च्या रेषेपर्यंत ओढलंत तर आत १० युनिट जातात. चार किलोच्या मांजराची साखर त्याने इतकी उतरते की थरथर, फिट, बेशुद्धी यायला वेळ लागत नाही. इन्सुलिन स्वस्त मिळालं म्हणून दुकान बदला हवं तर, पण व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दिव्याखाली धरून बघा.

काही ठिकाणी मात्र पैसे वाचवूच नयेत. गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यानुसार येतात. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. दोन्ही तुकड्यांत औषध सारखं उतरेल याची हमी नसते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या ज्या ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. गुरांचं १ टक्का आयव्हरमेक्टिन म्हणजे मिलीत १० मिलिग्रॅम. हार्टवर्म (हृदयातले जंत) रोखायला १० किलोच्या कुत्र्याला लागतात ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.००६ मिली. हे कुठल्याही सिरिंजने मोजता येत नाही, आणि कोली जातीच्या कुत्र्यांत तर जास्तीचा डोस मेंदूवर जातो. लसही बाहेरून आणू नका. ती २ ते ८ अंशांत राहिली की नाही हे कुरिअरचा डबा सांगत नाही.

डॉक्टरांची बाजूही मांडायला हवी. तपासणीची फी देताना आपण घासाघीस करतो, फोनवरचा सल्ला फुकट धरतो, मग दवाखान्याचं भाडं आणि कंपाउंडरचा पगार गोळ्यांच्या नफ्यातून निघतो. चिठ्ठी मागणाऱ्याने फी पूर्ण द्यावी, कुरकुर न करता. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाने मागितल्यावर लेखी चिठ्ठी द्यावीच लागते, पण तिचे वेगळे पैसे तो घेऊ शकतो. मला ही सोय प्रामाणिक वाटते. आपल्याकडे एखाद्या डॉक्टरांनी चिठ्ठीचे वेगळे पैसे लावले तर मी तक्रार करणार नाही. चिठ्ठीच नाकारली तर मात्र डॉक्टर बदलेन. दवाखान्यातूनच औषध घेणार असाल तर अख्खा पत्ता मागा, किंवा निदान नाव, बॅच आणि एक्स्पायरी असलेला तुकडा. एमआरपी पत्त्यावर छापलेली असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पुडीतल्या सुट्या गोळीवर ती कुठे शोधणार?

ऑनलाइन मागवताना बिलावर विक्रेत्याचा परवाना नंबर, बॅच आणि एक्स्पायरी आहे का बघा. चिठ्ठी न मागता शेड्यूल एचचं (चिठ्ठीशिवाय विकता न येणारं) औषध पाठवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. आणि ज्यांचा प्राणी फिट्ससाठी फिनोबार्बिटोनवर आहे त्यांनी शेवटच्या पत्त्यापर्यंत थांबू नका. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये नसते, आणि एकदम बंद झाली तर फिट्स आधीपेक्षा जोरात येतात. दोन आठवड्यांचा साठा घरात ठेवा, पुढची चिठ्ठी त्याआधीच घ्या, आणि पहिला डोस आजच द्यायचा असेल तर तेवढ्यापुरतं औषध दवाखान्यातूनच घ्या.