खांब धरायचा का?

परवा मी सात वेळा माणूस म्हणून नापास झालो. आठव्यांदा पास झालो, तोही दुसऱ्याच्या हाताने पेपर लिहून.

दाढ दुखत होती. रात्रभर गाल धरून बसलो आणि सकाळी दवाखाना गाठला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता भिंतीवरच्या क्यूआर कोडकडे पेन दाखवलं. "फॉर्म ऑनलाइन भरा."

"मी इथेच उभा आहे," मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. सुजलेल्या गालातून ते "मी इतेत उबा आए" असं काहीतरी बाहेर पडलं.

"हो, पण सिस्टीमला कसं कळणार?"

यावर उत्तर नव्हतं. खुर्चीत बसलो, नाव, वय, पत्ता, ॲलर्जी सगळं भरलं आणि शेवटी ती चौकट आली. 'मी रोबो नाही.' मी बरोबरची खूण केली. माझा शब्द कोणी मानला नाही. एका रस्त्याचा फोटो सोळा चौकोनांत कापून समोर ठेवला गेला आणि हुकूम झाला: ट्रॅफिक लाइट असलेले सगळे चौकोन निवडा.

दिवे तीन चौकोनांत होते. तीन निवडले. नापास. दुसरा फोटो, दुसरे दिवे, पुन्हा नापास.

"खांब धरला नाहीत तुम्ही," शेजारून आवाज आला.

शेजारच्या खुर्चीतले काका बराच वेळ माझ्या मोबाइलमध्ये डोकावत असावेत. त्यांची बायको आत रूट कॅनलला गेली होती, त्यामुळे गेला तासभर त्यांना विरोध करायला कोणी मिळालं नव्हतं.

"काका, दिवा विचारलाय. खांब नाही."

"खांबाशिवाय दिवा काय हवेत तरंगतो? मी बत्तीस वर्षं टेंडरं पाहिलीत. सिग्नलचं टेंडर निघतं ते खांब धरूनच निघतं. नुसत्या दिव्याचं टेंडर मी तरी पाहिलं नाही."

बत्तीस वर्षं. माणसाच्या तोंडात दात तितकेच, आणि त्यातला एक मला त्या क्षणी कोणाशीही वाद घालू देत नव्हता. मी खांब धरला. नापास.

"बघा!" मी म्हणालो.

"बघा काय? पाया राहिला."

पुढच्या फोटोत मोटरसायकल होती. ती पाच चौकोनांत ऐसपैस, आणि सहाव्यात आरशाचं एवढंसं टोक. काकांच्या तत्त्वाने आरसाही धरायला हवा. मी बोट पुढे केलं तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"आरसा कशाला?"

"मघाशी खांब धरला ना?"

"खांब वेगळा. आरसा चोरीला गेला तर मोटरसायकल चोरीला गेली अशी तक्रार द्याल का पोलिसांत?"

"आणि खांब चोरीला गेला तर?"

"खांब कोण चोरणार हो?" काका माझ्याकडे कीव करत म्हणाले. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ, ज्यांच्या तोंडात कापूस होता, त्यांनी दोन बोटं वर करून आरशाच्या बाजूने मत नोंदवलं. घटपटाची खटपट करणाऱ्या जुन्या शास्त्र्यांना निदान एवढं माहीत होतं की निकाल कोणी तरी समजून-उमजून देणार आहे. इथे निकाल फोन देत होता आणि कारण सांगत नव्हता.

म्हणजे बघा, १९५० साली संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंगने यंत्र ओळखण्याची कसोटी सुचवली तेव्हा परीक्षक माणूस होता. त्याने लिहून प्रश्न विचारायचे आणि समोर यंत्र आहे की माणूस हे उत्तरांवरून ओळखायचं. 'मी रोबो नाही' छापाच्या या परीक्षेला कॅप्चा म्हणतात, आणि त्या इंग्रजी शब्दातला 'टी' त्याच ट्युरिंगचा. फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली: आता यंत्र परीक्षक आणि मी बाकावर, गाल धरून. शिवाय पेपरही असा, की मला काय दिसतं हे विचारतच नाहीत. मला काय दिसलं असावं असं यंत्राला वाटतं, ते मी ओळखायचं. आयुष्यात एकदाही न पाहिलेला तो आगीच्या बंबाचा बुटका नळ मी आता झोपेतही ओळखतो. का, तर कुठल्या तरी परदेशातल्या रस्त्यावर तो असतो आणि माणूस म्हटला की त्याला तो ठाऊक हवा.

बरं, हे फुकटचं काम. कॅप्चा घडवणाऱ्यांपैकी एक, लुईस फॉन आन, यांनीच हिशेब मांडला होता की जगात दिवसाला सुमारे २० कोटी कॅप्चा सोडवले जातात, प्रत्येकी १० सेकंद धरले तर रोज ५ लाखांहून जास्त तास वाया. माणूस सज्जन, त्याला वाईट वाटलं. म्हणून २००७ साली त्यांनी रीकॅप्चा काढला: दोन वेडेवाकडे शब्द, त्यातला एक संगणकाला ठाऊक असलेला आणि दुसरा जुन्या छापील मजकुरातला, त्याला न वाचता आलेला. लोकांनी आपण माणूस असल्याचं सिद्ध करता करता 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक वाचून दिले. मला कोणी सांगितलं असतं तर मी आनंदाने वाचून दिले असते. सांगितलं नाही, हेच खुपतं. पुढे घरांचे नंबर आले, मग रस्ते, दिवे, मोटरसायकली. म्हणजे यंत्राला जे येत नाही ते आपण शिकवायचं, आणि शिकवताना चुकलो तर आपणच यंत्र!

आणि विद्यार्थी केव्हाच पुढे गेला. २०२३ मध्ये सुमारे १,४०० जणांना कॅप्चा सोडवायला बसवून एक अभ्यास झाला. बॉट, म्हणजे माणसाचं सोंग घेणारे संगणक प्रोग्राम, माणसांपेक्षा जलद निघाले आणि अचूकही. त्याच वर्षी एका कंपनीने आपल्या नव्या एआय भाषा-मॉडेलबद्दल जाहीर केलेल्या अहवालात एक किस्सा आहे. चाचणीत त्या मॉडेलला कॅप्चा अडला, तेव्हा ते ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एका माणसाकडे गेलं. त्याने चेष्टेत विचारलं, तू रोबो आहेस की काय? मॉडेल म्हणालं, नाही, माझी नजर अधू आहे. बिचाऱ्याने सोडवून दिला. मी त्या दिवशी एकदाही खोटं बोललो नव्हतो.

सहाव्यांदा बस. सातव्यांदा झेब्रा क्रॉसिंग, त्यातला एक पट्टा इतका पुसट की तो रंगवणाऱ्यालाही ओळखू आला नसता. नापास.

"तुम्ही घाबरत घाबरत दाबता," काका म्हणाले. "संशय येणारच. आणा इकडे."

चीड आली, कारण यात तथ्य असू शकतं. २०१४ पासूनच्या या चौकटी नुसतं उत्तर बघत नाहीत. तुम्ही पानावर कसे वावरता त्यावरून अंदाज बांधतात. म्हणजे खरं बोलूनही चाचरणारा संशयित आणि ठोकून देणारा माणूस. हे तर आमच्या शाळेतही होतं.

काकांनी फोन घेतला. चष्मा कपाळावर चढवला. पुन्हा दिवे आले होते. त्यांनी अंगठ्याने धडाधड दिवे, खांब आणि बहुधा मागचं झाडसुद्धा दाबलं. हिरवी खूण उमटली.

"झालात माणूस," काका म्हणाले.

कापूसवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. पण नीट विचार केला तर माणूस काका ठरले होते. माझा निकाल अजूनही सातपैकी शून्यच आहे. त्याबद्दल यंत्राला मी एक वेळ माफ करेन, ते आंधळं आहे. चार पावलांवर बसून एकदाही वर न पाहणाऱ्या त्या बाईंना नाही.

पुढच्या पानावर जबड्याचं चित्र होतं, दातांचे छोटे चौकोन पाडलेलं. दुखणारा दात निवडा. फोन अजून काकांच्याच हातात.

"कुठली?"

मी गालावर बोट ठेवलं. त्यांनी दाबलं, थोडा विचार केला, आणखी दोनदा दाबलं आणि फॉर्म पाठवून दिला.

तासाभराने आत गेलो. डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते.

"तीन दाढा दुखतायत?"

"एकच," मी म्हणालो आणि आ करून दाखवलं.

"इथे तर तीन आल्यात," स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून आवाज आला, "दोन आधाराच्या धरल्यात हो!"