‘पंप-नोझल करूनही आवाज तसाच’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी इथंच मांडतो. गाडीचा डिझेल पंप आणि सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) आमच्याकडं दुरुस्त केले, तरी सकाळी इंजिन कडकडतंच. पिकअप आधीपेक्षा कमी झाला. नंतर हायवेवरच्या एका मिस्त्रीनं दहा मिनिटांत, पाचशे रुपयांत आवाज घालवला, म्हणजे आम्ही तुम्हाला उगीच खर्चात घातलं. आणि पुतण्याची नवी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी किती शांत चालते, तशी तुमची का होत नाही.

त्या दहा मिनिटांचं आधी बोलतो, कारण मला काळजी वाटते ती त्याचीच. तुमच्या इंजिनाला इनलाइन पंप आहे, म्हणजे दर सिलिंडरला एक असे डिझेल दाबणारे दांडे (प्लंजर) ओळीनं असलेला. काही न उघडता, काही न बदलता अशा इंजिनाचा आवाज उतरवायचा एकच रस्ता मला ठाऊक आहे: फ्लँजचे (पंप जिथं इंजिनाला बसतो त्या कडेचे) नट सैल करायचे, पंप किंचित फिरवायचा आणि टायमिंग मागं घ्यायचं, म्हणजे डिझेल जरा उशिरा पडेल असं करायचं. आम्ही पंप बसवताना फ्लँजवर आणि समोरच्या केसिंगवर पंचनं एक सरळ खूण मारली आहे. टॉर्च लावून बघा. दोन्ही रेघा समोरासमोर नसतील, तर पंप हलवलाय.

टायमिंग मागं घेतल्यावर आवाज खरंच कमी होतो, त्यात त्या मिस्त्रीनं खोटं काही केलेलं नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टननं दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते, तिच्यात फवारा पडतो आणि डिझेल आपोआप पेट घेतं. पण पडल्यापडल्या नाही. मधे क्षणभर उशीर होतो, आणि त्या उशिरात जेवढं डिझेल आत साचलं तेवढं एकदम भडकतं. गॅसचा नॉब उघडून काडी उशिरा ओढली की भपका होतो ना, तसंच. तुम्हाला ऐकू येणारा ठोका म्हणजे तो भपका. सकाळी इंजिन थंड असतं, आतली हवा तेवढी तापत नाही, उशीर वाढतो, म्हणून सकाळचा आवाज दुपारपेक्षा मोठा. हे सगळ्याच जुन्या डिझेल गाड्यांचं आहे. गरम झाल्यावर तो बराच खाली यायला हवा, आणि तुमच्या गाडीचा येत होता.

आता टायमिंग मागं नेलं की फवारा पडतो तेव्हा पिस्टन अगदी वर आलेला असतो, हवा जास्त तापलेली असते, भपका लहान होतो. यार्डात रिकामी गाडी चालू करून ऐकलं तर वाटतं, वा, काय काम केलंय! पण तेच डिझेल जळून संपतं कधी, तर पिस्टन खाली निघून गेल्यावर. जी ताकद चाकाला जायची, ती नुसती उष्णता होऊन सायलेन्सरवाटे जाते. कोकणातून भरून आंबा घाट चढताना याचा हिशोब निघतो: काळा धूर, ॲव्हरेज खाली, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो, हेड हे सगळं भाजून निघतं. हेडचं काम काढावं लागलं तर ते पाचशे रुपयांत होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गाडीला कंपनीनं टायमिंगचा जो आकडा दिलाय, तो आम्ही नुसत्या आवाजासाठी हलवत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मग आम्ही केलं काय? तुमचे ड्रायव्हर त्या वेळी टेस्ट बेंचशेजारी (पंप तपासायच्या मशीनशेजारी) बसून होते, त्यांना विचारा. नोझल टेस्टरवर लावले तेव्हा सहापैकी दोन उघडायच्या आधीच टोकाला थेंब धरत होते. या जातीचे नोझल साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान उघडतात, ज्याचा त्याचा आकडा ठरलेला. उघडायच्या दाबाच्या २० बार खाली १० सेकंद धरून ठेवलं तरी टोक कोरडं राहायला पाहिजे. तिसऱ्याची स्प्रिंग दबून सैल पडलेली, तो ठरल्यापेक्षा बराच कमी दाबाला उघडत होता. कमी दाबाला उघडला म्हणजे लवकर उघडला, आणि फवाराही जाडा. धुक्यासारखा बारीक फवारा पेटतो तसं हे जाडं डिझेल पेटत नाही. तुमच्या ठोक्याचा मोठा वाटा इथं होता.

मग पंप बेंचवर चढवला. बेंचवर सहा काचेच्या नळ्या ओळीनं असतात, प्रत्येक लाइनचं डिझेल आपापल्या नळीत पडतं. तुमच्या पहिल्या आणि सहाव्या नळीतला फरक तर लांबूनसुद्धा दिसत होता. एक सिलिंडर पोटभर, दुसरा अर्धपोटी, मग आयडलिंगला इंजिन हलणारच. झिजलेले एलिमेंट (प्लंजर आणि त्याची नळी) बदलले, एका लाइनच्या फवाऱ्यापासून पुढच्या लाइनच्या फवाऱ्यापर्यंतचं ६० अंशांचं अंतर तपासलं आणि सहाही नळ्या एका रेषेत आणल्या. केबिनमधला थरथराट गेला, हे गाडी नेताना तुम्हीच म्हणालात. रिव्ह्यूत ते राहून गेलं असावं.

पिकअपचं म्हणाल, तर पंप आमच्याकडं आला तेव्हाच त्याचं सील तुटलेलं होतं आणि जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू कुणीतरी पुढं घेतलेला होता. गाडी पळायची, पण मागं काळा ढग सोडून. तो आम्ही आकड्यावर आणला. त्यात थोडा जोर कमी वाटणार, हे बिल देतानाच सांगितलं होतं.

उरलेल्या आवाजाबद्दल. पंप बसवून इंजिन गरम केल्यावर आम्ही एकेका नोझलचा पाईप सैल करून बघितला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडलं तिथला ठोका थांबला, तर दोष बहुधा जळण्यातला. न थांबता तसाच राहिला, तर दोष बहुधा लोखंडातला. पाच ठिकाणी आवाज बदलला. चौथ्याला डिझेल तोडूनही टकटक सुरूच. म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), गजन पिन (पिस्टन जोडणारी पिन) किंवा तिथलंच काहीतरी, आणि ते पंपवाल्याच्या हातातलं नाही. बिलाच्या खाली पेनानं लिहून दिलंय: ‘४ नंबर, टॅपेट व गजन पिन चेक करून घेणे’. तुम्हाला लोड गाठायचा होता, गाडी तशीच निघाली. धंद्यात असं होतं, समजू शकतो. पण ती टकटक आमच्या नावावर लावू नका.

(इतर वाचकांसाठी: पाईप सैल करायची ही चाचणी कॉमन रेल गाडीवर (जिथं सगळ्या नोझलना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) चुकूनही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वरही जातो, बारीक धार कातडी फोडून आत जाते.)

पुतण्याच्या गाडीशी तुलना करता येत नाही. तिच्यात कॉम्प्युटर मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडून ते पेटवून घेतो, मग मोठा फवारा पडतो तेव्हा आत आग तयार असते, भपका फारसा होत नाही. तुमच्या पंपाचा प्लंजर एका उचलीत एकदाच मारतो. त्याला दोनदा मारायला लावणारं सेटिंग कुठल्याही बेंचवर नाही. कॉमन रेल यायच्या आधी तुमच्यासारख्याच गाड्यांवर आम्ही सगळे जगलो, तेव्हा हा आवाज कुणाला खटकत नव्हता.

आता पुढं काय करायचं ते सांगतो. घाटातला लोड घ्यायच्या आधी गाडी घेऊन या. टायमिंग तुमच्यासमोर तपासू: पंपाच्या एक नंबर लाइनच्या तोंडावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, वाकडा पाईप लावून, धार थांबून थेंब पडायला लागला की फ्लायव्हीलवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचायचा. कंपनीच्या आकड्यात बसला तर मी इथंच तसं लिहीन आणि त्या मिस्त्रीची माफी मागेन. नाही बसला तर जागेवर आणून देतो, मजुरी घेणार नाही. टॅपेटचं काम तुमच्या नेहमीच्या फिटरकडून करून घ्या, त्यांना हवं तर माझ्याशी बोलायला सांगा.

गाडी आदल्या रात्रीच आमच्या आवारात लावा, म्हणजे सकाळचा थंड इंजिनाचा आवाज दोघांना मिळून ऐकता येईल. सोमवारी बंद असतं. काढलेले जुने नोझल आणि एलिमेंट पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवले होते, तेही सोबत आणा.