‘अशा मुलांना व्यायाम देऊ नका’ : एका संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा दादा फिरायला न जाता टीव्हीसमोर बसलेला होता. माझा हा थोरला भाऊ ४३ वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, आणि गेली नऊ वर्षे तो आईबरोबर रोज चाळीस मिनिटे, मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत, असा चालतो. मामीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक संदेश वाचून आईने आठ दिवसांपासून ते चालणे बंद केले होते.

‘मतिमंद मुलांच्या पालकांनी अवश्य वाचावे’ असे त्या संदेशाचे शीर्षक आहे. अशा व्यक्तींना अठरा वर्षांनंतर व्यायाम देऊ नये, असे त्यात म्हटले आहे आणि पुढे कारणे दिली आहेत : त्यांचे हृदय व मान जन्मतः कमजोर असते, व्यायामाने फिट येते, वेदना कळत नसल्याने त्यांना झालेली इजा लक्षात येत नाही, त्यांचा लठ्ठपणा हा आजाराचाच भाग असल्याने व्यायामाचा उपयोग होत नाही, आणि अंगात ताकद आली की ते हिंसक होतात व आवरत नाहीत. खाली एकाही डॉक्टरचे नाव नाही, फक्त ‘तज्ज्ञांचे मत’ एवढेच लिहिले आहे. हा मजकूर आता पालकांच्या गटांमध्येही फिरू लागला आहे, म्हणून हे उत्तर.

ताकदीचा मुद्दा मी आधी घेते, कारण तो सर्वांत घातक आहे आणि आईला भीती वाटली ती त्याच वाक्याची. नऊ वर्षांपूर्वी दादाचे वजन ९२ किलो होते. कार्यशाळेत जाणे बंद झाल्यापासून तो दिवसभर बसून असे. एके सकाळी आंघोळीच्या स्टुलावरून उठताना त्याच्या मांड्यांनी साथ दिली नाही आणि तो खाली बसला तो बसलाच. चौसष्ट वर्षांच्या आईला त्याला उचलता येईना. शेवटी शेजारचे काका आणि वॉचमन आले, आणि दोन परक्या माणसांनी ओल्या अंगाच्या दादाला बगलेत धरून उभे केले, तेव्हा तो लाजेने रडत होता. पायांतली ताकद गेली की काय होते ते आमच्या घराने त्या दिवशी पाहिले आहे. त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला शिकवले. त्याला सहाच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून त्यांनी दोन वाट्या आणि दहा चिंचोके दिले. एकदा उठले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. ती वाटी रिकामी झाल्याशिवाय तो आजही चहा घेत नाही. आता तो एसटीची पायरी स्वतः चढतो आणि आई तिच्या गुडघ्यांसाठी जिन्यात त्याच्याच खांद्याचा आधार घेते.

बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ व्यक्ती चिडते, वस्तू फेकते किंवा हात उगारते, तेव्हा त्याची कारणे बहुधा दातदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, रोजच्या दिनक्रमात अचानक झालेला बदल किंवा मनातले सांगता न येणे अशी असतात. त्या कारणांचा शोध घ्यायचा सोडून माणसाला मुद्दाम दुबळे ठेवणे हा उपाय नव्हे, तो अन्याय आहे. रोजचे चालणे बंद झाल्यापासून दादा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा राहतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो, हे आईनेच मला सांगितले. जगभरातल्या अशा खेळाडूंसाठी जुलै १९६८ मध्ये शिकागोत पहिल्यांदा भरलेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आज पॉवरलिफ्टिंगचाही समावेश आहे, आणि २०२३ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेतून भारतीय चमूने २०२ पदके आणली. ताकदीने माणूस हिंसक होत असता, तर वजने उचलण्याचा खेळ इथे कोणी ठेवलाच नसता.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र शिफारशी आहेत, आणि त्यांसाठी तपासलेल्या पुराव्यात बौद्धिक अक्षमतेवरचे संशोधनही आहे. प्रौढांसाठी तिथे सांगितलेले प्रमाण इतरांइतकेच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. व्यक्तीची सध्याची सवय, प्रकृती आणि शारीरिक क्षमता पाहून व्यायाम ठरवला, तर त्यात मोठा धोका नाही, असे त्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे. मामीला मी हेच पाठवले. दादाचे चालणे आठवड्याला २८० मिनिटे होते. म्हणजे बंद करण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

हृदय आणि मान या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, आणि काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल असतात. त्यामुळे त्यांना शीर्षासन, कोलांटउडी, उंचावरून पाण्यात सूर मारणे असले प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नयेत, आणि चाल अचानक बदलली, मान दुखू लागली, हातांतली पकड गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यांच्या हृदयाचे ठोके श्रमातही इतरांइतके वाढत नाहीत, म्हणून यंत्रावरच्या आकड्यांमागे न लागता त्यांचा श्वास आणि चेहरा पाहावा. पण डाऊन सिंड्रोम हे बौद्धिक अक्षमतेच्या अनेक कारणांपैकी एक आहे. दादाला तो नाही, आणि असता तरी सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मानेला काही होत नाही. संदेश लिहिणाऱ्याने एका गटाची खबरदारी उचलून सगळ्यांवर बंदी म्हणून लादली आहे.

फिटविषयी थोडक्यात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी सुमारे पाचांतल्या एकाला अपस्मार असतो, पण व्यायामामुळे फिट येणे विरळा; औषध वेळेवर द्यावे आणि पाण्यात एकटे सोडू नये. वेदनेविषयीचा दावा साफ चुकीचा आहे. त्यांना वेदना कळते, सांगता येत नाही. म्हणून घरी आल्यावर बूट काढून तळपाय पाहावेत, एवढे काम आपले आहे.

लठ्ठपणाबाबत, काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी आणि व्हॅल्प्रोएटसारख्या फिटच्या औषधाने वजन वाढते, डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडही अनेकदा मंद असते, हे खरे. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, १५ अभ्यासांतल्या तीन हजारांहून अधिक प्रौढांपैकी अवघे ९ टक्के पुरेशी हालचाल करत होते. हालचालच होत नाही, तिथे ‘व्यायामाचा उपयोग होत नाही’ हे कोणी आणि कसे तपासले? आमच्याकडे वजन ९२ वरून ७९ वर यायला तीन वर्षे लागली, आणि त्यात जेवणातल्या बदलाचाही वाटा होता. ते उतरले नसते, तरी स्टुलावरून उठता येणे हाच मोठा लाभ होता.

खरी अडचण दादाच्या शरीरात नाही. त्याच्याबरोबर चालायला सत्तरी ओलांडलेल्या आईखेरीज रोज कोणी नसते, बागेत लोक टक लावून पाहतात, आणि एका व्यायामशाळेने ‘बाकीच्या मेंबरांना बरे वाटणार नाही’ असे सांगून आम्हाला परत पाठवले होते. खेळांमध्ये दिव्यांगांचा परिणामकारक सहभाग असावा, याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३० ने सरकारवर टाकली आहे. पालकांच्या गटांनी संदेश पुढे ढकलण्याऐवजी हे कलम घेऊन नगरपालिकेकडे जावे आणि बागेतली एक वेळ व एक प्रशिक्षक मागावा. आमच्या गटातल्या चार घरांनी तसा अर्ज लिहायला घेतला आहे, आणि दादाचे चालणे बुधवारपासून पुन्हा सुरू झाले आहे.