यासुकुनी म्हणजे जपानचं ‘अमर जवान’? जरा थांबा

‘टोकियोला गेलात तर यासुकुनीला डोकं टेकवाच. ते जपानचं अमर जवान स्मारक. तिथे सैनिकांच्या समाध्या आहेत. भारतीय न्यायाधीशाने जपानला निर्दोष ठरवलं, म्हणून त्यांचाही स्तंभ तिथे आहे. पोटात दुखतं ते फक्त चीनच्या!’ असा मजकूर फिरतोय. स्तंभ खरा आहे. बाकीचं बघू.

‘समाध्या आहेत.’ एकही नाही. अस्थी नाहीत, राख नाही. आहेत ती सुमारे २४ लाख ६६ हजार नावं. शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या श्रद्धेनुसार ती माणसं तिथे देवपदाला पोचली आहेत.

‘अमर जवान.’ १८६९ साली हे देवस्थान उभं राहिलं ते सम्राटाच्या बाजूने लढून पडलेल्यांसाठी. सरकारविरुद्ध बंड केलेल्या सायगो ताकामोरी या सामुराई नेत्याला तिथे जागा नाही, मग तो कितीही लाडका असो. उलट जपानी सैन्यात मेलेल्या कोरियन सैनिकांची नावं आहेत. ती काढा म्हणून काही वारस कोर्टात गेले. देवस्थान ऐकत नाही. आणि युद्धानंतर ही खासगी धार्मिक संस्था आहे, सरकारी स्मारक नव्हे.

‘फक्त चीन.’ मग खुद्द जपानच्या सम्राटाचं काय करायचं? १९७८ मध्ये तिथल्या मुख्य पुजाऱ्याने युद्धकाळातला पंतप्रधान तोजो याच्यासह १४ ‘अ’ वर्ग (म्हणजे आक्रमक युद्ध छेडल्याचा ठपका असलेल्या) युद्धगुन्हेगारांची नावं गुपचूप समाविष्ट केली. बातमी फुटली ती पुढच्या वर्षी. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर पुन्हा तिथे गेले नाहीत. कारण २००६ मध्ये उजेडात आलेल्या राजवाड्यातल्या एका अधिकाऱ्याच्या टिपणात सापडतं: ही नावं घातल्याची नाराजी. सम्राट अकिहितो तर कारकिर्दीत एकदाही गेले नाहीत. २०१३ मध्ये पंतप्रधान आबे गेले, तेव्हा मित्र अमेरिकेनेही जाहीर निराशा व्यक्त केली.

‘जपान निर्दोष.’ दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले ते भारतीय न्यायाधीश म्हणजे राधाबिनोद पाल. त्यांनी सगळ्या आरोपींना सोडावं असं लिहिलं, हे खरं. पण त्यांचा मुख्य मुद्दा कायद्याचा होता: आक्रमक युद्ध हा तेव्हा गुन्हाच नव्हता, तर मागाहून शिक्षा कशी? चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा पुरावा मात्र त्यांनी जबरदस्त मानला. फॉरवर्डमध्ये हे वाक्य नेमकं गळतं.

म्हणून जाऊच नये का? जा की! आवारातल्या युशुकान संग्रहालयात शिरताच जपानने युद्धात बांधलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं वाफेचं इंजिन दिसेल. तो मार्ग बांधताना युद्धकैद्यांबरोबर मलायातून नेलेले हजारो तमिळ मजूरही मेले. आणि डोकं टेकवायचंच असेल, तर अनोळखी सैनिकांच्या अस्थी जवळच चिदोरिगाफुचीच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहेत. आबे यासुकुनीला गेले त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांनी फुलं वाहिली, ती तिथे.