व्हीपीएसवरील साइट बंद पडल्यावर ‘आधी रीबूट करा’ हा सल्ला का चुकतो

व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेऊन स्वतःची साइट चालवणाऱ्यांमध्ये एक छोटा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. साइट उघडत नसेल तर आधी पिंग करा, म्हणजे सर्व्हरला एक छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहा. उत्तर आले तर सर्व्हर ठीक आहे, नाही आले तर होस्टिंग कंपनीचा दोष. मग व्हीपीएस रीबूट करा. तरीही साइट पुन्हा बंद पडली, तर मेमरी कमी पडते आहे असे समजून मोठा प्लॅन घ्या. या सल्ल्याने कधीकधी साइट खरोखर सुरू होते, आणि म्हणूनच तो टिकून आहे. पण त्याच्या नादी लागून महिनोन्महिने तोच बिघाड सहन करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा पिंगचा. पिंगला उत्तर देते ते लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. वेब सर्व्हरला त्याची खबरही नसते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बंद असेल, साइटचा कोड चालवणारे पीएचपी अडकून पडले असेल किंवा डिस्क काठोकाठ भरली असेल, तरी पिंगला उत्तर येतच राहते. उलट, अनेक फायरवॉल पिंगची पॅकेट मुद्दाम टाकून देतात, तेव्हा साइट व्यवस्थित चालू असूनही पिंगला उत्तर येत नाही. म्हणजे या चाचणीतून काढलेले दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. त्याऐवजी ‘कर्ल’ या आज्ञेने थेट ४४३ (एचटीटीपीएसच्या) पोर्टवर विनंती पाठवावी आणि येणारा त्रुटीसंदेश शब्दशः वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे आले तर मशीन जिवंत आहे, पण बहुधा त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइम आउट’ झाले तर पॅकेट वाटेत किंवा फायरवॉलपाशी हरवते आहे, नाहीतर मशीनच गोठले आहे. नावाचा पत्ताच लागत नसेल तर शोध नावावरून आयपी पत्ता देणाऱ्या डीएनएसमध्ये घ्यावा. ५०२ हा त्रुटीक्रमांक आला तर एन्जिनएक्स चालू आहे आणि त्याला मागच्या, पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडून किंवा ॲपकडून धड उत्तर मिळालेले नाही. ५०४ आला तर ते उत्तर ठरलेल्या वेळेत आलेले नाही. ही एक ओळ वाचली तरी निम्मा शोध संपतो. हीच तपासणी दुसऱ्या नेटवर्कवरूनही करून पाहावी, कारण पासवर्ड वारंवार चुकल्यामुळे सर्व्हरवरच्या फेल-टू-बॅन या पहारेकरी प्रोग्रामने आपलाच आयपी अडवलेला असणे आणि बाकी सर्वांना साइट दिसत असणे, हेही घडते.

दुसरा मुद्दा रीबूटचा, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. रीबूट केल्यावर त्या क्षणी कोणत्या प्रोसेस चालू होत्या, कोणती कनेक्शन लटकली होती, मेमरी कोणी धरून ठेवली होती, हे सगळे पुसले जाते. कर्नलचे ‘डीमेसेज’ या आज्ञेत दिसणारे संदेश मेमरीत असतात, तेही जातात. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचा जर्नल, म्हणजे नोंदवही, डिस्कवर राहील असे गृहीत धरता येत नाही. व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे तो फक्त मेमरीत लिहिला जातो आणि रीबूटबरोबर नाहीसा होतो. पुरावा असा हातचा गेला की पुढचे सगळे अंदाजच उरतात.

माझ्या परिचयातल्या एकांची साइट साधारण दर तीन आठवड्यांनी ५०० क्रमांकाची त्रुटी दाखवू लागे. ते रीबूट करत आणि साइट लगेच सुरू होई, त्यामुळे आपला उपाय बरोबर आहे अशी त्यांची खात्री पटली होती. एकदा रीबूटपूर्वी आम्ही पाच मिनिटे थांबलो. डिस्कचा हिशेब देणारी ‘डीएफ’ ही आज्ञा सांगत होती की ४० जीबीच्या डिस्कपैकी ३८ जीबी वापरात आहे आणि (राखीव भाग वगळता) मोकळी जागा शून्य आहे. ‘डीयू’ने सर्व फाइलींची बेरीज केली तर ती जेमतेम ११ जीबी भरत होती. उरलेले २७ जीबी कुठेच दिसत नव्हते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ला हटवलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली विचारल्यावर एकच फाइल समोर आली: एन्जिनएक्सची ॲक्सेस लॉग फाइल, शेजारी ‘डिलीटेड’ असा शेरा. रोज रात्री चालणारी एक स्क्रिप्ट लॉग फाइल हटवत होती, पण एन्जिनएक्सला नवी फाइल उघडायला सांगत नव्हती. त्यामुळे एन्जिनएक्स नाव पुसलेल्या त्याच फाइलीत लिहीत राहिले आणि जागा सुटलीच नाही. रीबूटमुळे ती फाइल बंद होऊन जागा मोकळी होई, म्हणून साइट चालू लागे, आणि तीन आठवड्यांचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्या स्क्रिप्टमध्ये एन्जिनएक्सला लॉग पुन्हा उघडण्याची आज्ञा देणारी एक ओळ घातल्यावर तो त्रास थांबला.

रीबूटचा आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. कोणीतरी महिन्यापूर्वी कॉन्फिगरेशन बदलताना अर्धविराम विसरला असेल, तरी चालू असलेले एन्जिनएक्स जुन्याच सेटिंगवर चालत राहते; रीबूटनंतर मात्र ते नवी फाइल वाचते आणि सुरू व्हायलाच नकार देते. हाताने घातलेले आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम जतन केलेले नसतील तर तेही उडतात. जी सेवा बूटवेळी सुरू होण्यासाठी ‘एनेबल’ केलेली नाही, ती आपोआप उठत नाही. अशा वेळी केवळ संथ असलेली साइट पूर्ण बंद होते. दुरून लॉगिन करायचे एसएसएच लागत नाही आणि होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोलही प्रतिसाद देत नाही, अशा वेळी रीबूटशिवाय इलाज नसतो, हे मला मान्य आहे; पण तेव्हाही मशीन उठताच डिस्कवर राहिली असेल तर आधीच्या बूटची नोंद ‘जर्नलसीटीएल’ने वाचली पाहिजे.

मेमरी वाढवण्याच्या सल्ल्यालाही आधी पुरावा हवा. मेमरी संपल्यामुळे कर्नलने एखादी प्रोसेस मारली असेल, तर कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ असते. ती नसेल तर मोठ्या प्लॅनवरचा खर्च बहुधा वाया जातो. ‘फ्री’ या मेमरी दाखवणाऱ्या आज्ञेच्या आकड्यांत ‘फ्री’ हा रकाना लहान दिसला म्हणून घाबरू नये, कारण लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना. शिवाय मारली गेलेली प्रोसेस दोषी असेलच असे नाही. कर्नल बहुतेकदा सर्वांत जास्त मेमरी धरलेली प्रोसेस निवडते, म्हणून बळी डेटाबेसचा जातो आणि मेमरी खाल्लेली असते पीएचपीने. पीएचपी-एफपीएममध्ये ५० चाइल्ड प्रोसेसची मुभा असेल आणि प्रत्येक प्रोसेस ८० एमबी घेत असेल, तर गर्दीच्या वेळी ४,००० एमबी लागतील. मशीन २ जीबीचे असेल आणि त्यातले साधारण ८०० एमबी डेटाबेस व इतर सेवांकडे जात असतील, तर उरलेल्या जागेत अशा १५ प्रोसेस मावतात. ही मर्यादा १५ वर आणली की जादा विनंत्या रांगेत थांबतील, पण डेटाबेस मरणार नाही.

होस्टिंग कंपनीचा दोष कधी असतो का? असतो, पण तो पिंगवरून ठरत नाही. ‘टॉप’ या आज्ञेत ‘एसटी’ या अक्षरांशेजारी दिसणारा आकडा म्हणजे आपल्या व्हीपीएसला हवा असूनही मिळाला नाही असा सीपीयूचा वेळ. तो सातत्याने मोठा असेल तर एकाच यंत्रावर जास्त ग्राहक बसवल्याची तक्रार रास्त ठरते. केवळ लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या रांगेची सरासरी, दाखवून हे सिद्ध होत नाही, कारण लिनक्स त्यात डिस्कची वाट पाहत थांबलेल्या प्रोसेसही मोजते. तक्रारीसोबत तारीख, वेळ आणि ‘एसटी’चे आकडे जोडावेत. ते हाताशी राहावेत म्हणून ‘सिसस्टॅट’ हे नोंदी ठेवणारे पॅकेज आधीच बसवून सुरू करून ठेवावे. ते सहसा दर १० मिनिटांनी ही नोंद डिस्कवर लिहिते, आणि कोणी घाईने रीबूट केले तरी ती नोंद जात नाही.